विरलेली गादी: ठाणे आणि नवी मुंबईतील ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतील सर्व ज्येष्ठ,

सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षं मी ठाण्यात, नौपाड्यात फिजिओथेरपी करते. तुमच्या संघांतले कितीतरी काका-काकू माझ्याकडे येऊन गेले आहेत. कोजागिरीच्या दुधापासून वार्षिक सहलीपर्यंत तुम्ही मला आपलीच म्हणून बोलावता. त्या हक्कानेच लिहिते आहे. विषय एकच: तुमच्या सभागृहांत भरणारी मोफत गुडघेतपासणी शिबिरं आणि त्यांतून ठरणारी, गुडघ्याच्या हाडांमधल्या गादीची दुर्बिणीतून होणारी ऑपरेशनं.

गेल्या महिन्यात एक काकू आल्या. वय ६१, बँकेतून निवृत्त. हातात एमआरआयची ती मोठी पांढरी पिशवी. रविवारी संघाच्या हॉलमध्ये शिबिर झालं होतं. तिथे एमआरआयसाठी अर्ध्या दराचं कूपन मिळालं, बुधवारी रिपोर्ट आला आणि पुढच्या आठवड्यात मेडिक्लेमची मंजुरीही आली. ऑपरेशनची तारीख गुरुवारची होती. माझ्याकडे त्या उपचारासाठी आल्याच नव्हत्या. ऑपरेशननंतर किती दिवस यावं लागेल, एवढंच विचारायचं होतं. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "मॅडम, गादी फाटलीय म्हणे. तोपर्यंत चालले तर आणखी फाटत जाईल का हो?"

मी त्यांना परत आत बोलावलं आणि कॉटवर झोपवलं. गुडघा पूर्ण सरळ होत होता, वाकतही छान होता. सूज नाही, पाणी नाही. आतल्या बाजूला सांध्याच्या रेषेवर बोट दाबलं की दुखत होतं. मग वाटीच्या दहा सेंटिमीटर वर टेप गुंडाळली, दोन्ही पायांना. उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक भरली. दिवाळीपासून दुखतंय म्हणून त्या जिना टाळत होत्या. रिपोर्ट हातात आल्यापासून तर तलावपाळीची सकाळची फेरीही बंद. इतकी वर्षं मैत्रिणींबरोबर न चुकता मारलेली फेरी 'फाटली' या एका शब्दाने थांबली होती.

हा शब्द मला फार खुपतो. साडी खिळ्याला अडकते आणि टर्रकन फाटते, तसं काहीतरी आपल्या आत झालंय, असं ऐकणाऱ्याला वाटतं. फाटलं की शिवायचं नाहीतर कापून काढायचं, एवढंच मग मनात येतं. पण आपल्या भाषेत याला दुसरा, जास्त नेमका शब्द आहे: विरणं. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती लुगडं घडीवर विरतं. उजेडाकडे धरलं तर पलीकडचं दिसतं, तरी आजी ते आणखी कितीतरी दिवस नेसते. चाळिशी-पन्नाशीनंतर, पडल्या-झडल्याशिवाय, गुडघ्याच्या गादीत जी चीर एमआरआयवर दिसते ती बहुतेक वेळा विरण्याचीच असते.

आणि ती किती जणांना असते ते ऐका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या उजव्या गुडघ्याचा एमआरआय काढला गेला. हे दवाखान्यात आलेले रुग्ण नव्हते, गावातली साधी माणसं होती. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. पन्नाशीतल्या बायकांपैकी १९ टक्के आणि सत्तरीपुढच्या पुरुषांपैकी ५६ टक्के जणांच्या गादीत चीर किंवा झीज होती. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे: ज्यांच्या गादीत चीर सापडली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघा दुखला, अवघडला किंवा आखडला, असं काहीही झालेलं नव्हतं. म्हणजे तुमच्या पुढच्या मासिक सभेला जमलेल्या सगळ्यांचे एमआरआय काढले, तर हसतखेळत जिने चढणाऱ्या कितीतरी जणांच्या रिपोर्टवर 'टिअर', म्हणजे चीर, हा शब्द येईल. तो शब्द आणि दुखणं या दोन गोष्टी एकाच गुडघ्यात असल्या, तरी एकीमुळे दुसरी आहे असं ठरत नाही.

गादी म्हणजे मेनिस्कस. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये बसलेल्या दोन चंद्रकोरी, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. पाय सरळ ठेवून उभं राहिलं तर आपापल्या बाजूचा साधारण निम्मा भार त्या पेलतात, गुडघा वाकवला की त्याहून बराच जास्त. रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या काठाला असतो. म्हणून आतली विरलेली कड शिवून जुळत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा हीच विरलेली कड कापून, तासून गुळगुळीत करतात. कापलेला भाग पुन्हा येत नाही.

पूर्वी गुडघा उघडून अख्खी गादी काढत. १९४८ मध्ये फेअरबँक नावाच्या डॉक्टरांनी अशा गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये पुढे दिसणारे झिजेचे बदल मांडले. गादी निरुपयोगी नाही, हे हळूहळू कळत गेलं. १९६२ मध्ये जपानच्या मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून फक्त खराब तुकडा काढून दाखवला. कमी कापलं तर कमी नुकसान, हा विचार रास्तच होता. पण तो तुकडा काढल्याने दुखणं जातं का, हे नीट तपासून पाहायला आणखी पन्नास वर्षं लागली.

ते ज्या पद्धतीने तपासलं गेलं ती मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते. फिनलंडमधल्या पाच रुग्णालयांत ३५ ते ६५ वयाचे १४६ रुग्ण घेतले. सगळ्यांना आतल्या गादीची विरलेली चीर, सगळ्यांना दुखणं, पण संधिवाताची झीज नाही. प्रत्येकाला ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन दुर्बीण आत घालून पाहिलं. मग कुणाला काय करायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं बंद पाकीट उघडायचं. चिठ्ठीत 'ऑपरेशन' आलं तर चीर कापायची. दुसरी चिठ्ठी आली तर कापायचं काही नाही, पण सर्जननी सगळी हत्यारं मागायची, पाय हवा तसा वाकवायचा, पातं काढून ठेवलेलं तासण्याचं यंत्र सुरू करून वाटीवर बाहेरूनच दाबायचं, सक्शनचा आवाज करायचा आणि खऱ्या ऑपरेशनला लागेल तेवढा वेळ रुग्णाला आत ठेवायचं. आपलं कोणतं झालं, हे रुग्णाला माहीत नाही. २०१३ मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांचं दुखणं भरपूर कमी झालं होतं, आणि ते सारखंच कमी झालं होतं.

दोन्ही गट बरे झाले, हे वाक्य कृपा करून दोनदा वाचा. तुमच्या संघात "माझं ऑपरेशन झालं आणि मी ठणठणीत आहे" असं सांगणारे आहेत, ते अगदी खरं सांगतात. त्यांना बरं वाटलंच. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाही रोज असेच बरे झालेले रुग्ण दिसतात. फक्त त्यांतला कोण गादी न कापताही बरा झाला असता, हे एकेक रुग्ण पाहून कुणालाच कळू शकत नाही. त्यासाठी ती पाकिटं लागली.

लांब पल्ल्याचं काय? संघातले काका हाच प्रश्न विचारतात, "आज नाही केलं तर पुढे गुडघा खराब होणार नाही ना?" याच फिनिश रुग्णांना पाच वर्षांनी पुन्हा तपासलं. दुखणं आणि हालचाल यांत दोन गटांत तेव्हाही फरक नव्हता. एक्स-रेमध्ये मात्र झीज किमान एक पायरी पुढे गेलेले रुग्ण ऑपरेशनच्या गटात ७२ टक्के होते, खोट्या ऑपरेशनच्या गटात ६०. आकडे छोट्या गटाचे आहेत, त्यावरून ऑपरेशनने गुडघा झिजतो असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, आणि मी म्हणतही नाही. पण ऑपरेशन केल्याने पुढची झीज टळते, हा जो दिलासा शिबिरात दिला जातो, त्याला यात कुठेही आधार नाही.

नेदरलँड्समध्ये ४५ ते ७० वयाच्या ३२१ जणांमध्ये निम्म्यांचं ऑपरेशन केलं आणि निम्म्यांना सोळा वेळा फिजिओथेरपी दिली. दोन वर्षांनी व्यायामाचा गट मागे पडलेला नव्हता, पाच वर्षांनीही नाही. नॉर्वेत १४० जणांवर असंच केलं. बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम. दोन वर्षांनी दुखणं सारखंच, पण मांडीची ताकद व्यायाम केलेल्यांची सुरुवातीच्या महिन्यांत जास्त वाढली. अमेरिकेतल्या ३५१ जणांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखे होते. तिथे व्यायामाच्या गटातल्या ३० टक्के लोकांना मात्र दुखणं सोसेना, त्यांनी सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन करून घेतलं. हेही सांगायलाच हवं, नाहीतर मी अर्धं चित्र दाखवल्यासारखं होईल. व्यायामाने सगळ्यांना बरं वाटतं असं नाही. पण ज्यांनी आधी व्यायाम करून पाहिला आणि मग ऑपरेशन केलं, तेही शेवटी पहिल्यांदाच ऑपरेशन केलेल्यांइतकेच बरे झाले. थांबल्याने त्यांचं काही बिघडलं नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञ आणि रुग्ण यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने झिजेच्या गुडघ्यासाठी दुर्बिणीचं ऑपरेशन जवळपास कुणालाच करू नये, अशी ठाम शिफारस केली, ती या सगळ्याचा विचार करूनच.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण ती लपवून तुम्हाला उपदेश करणं मला जमणार नाही.

माझी आई नेरूळला सिडकोच्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. २०१२ मध्ये तिचा डावा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला. पडली नव्हती, मुरगळला नव्हता. एमआरआयवर चीर दिसली. ती तेव्हा ५९ वर्षांची. मी नऊ वर्षं या धंद्यात होते, आणि तिने विचारलं ते मलाच. मी म्हणाले, "आई, दोन छोटी भोकं असतात, दुसऱ्या दिवशी घरी. करून टाक." तिने केलं. सहा आठवडे मी तिचे व्यायाम घेतले. चार महिन्यांनी ती जिने चढायला लागली आणि मला धन्य वाटलं. दीड वर्षाने त्याच जागी दुखणं परत आलं. भाजीची पिशवी घेऊन ती प्रत्येक मजल्यावर टेकायची, कठड्याला धरून एकेक पायरी, चांगला पाय आधी. २०१९ मध्ये तो सांधा बदलावा लागला.

गादी कापली नसती तर सांधा बदलायची वेळ आली नसती का? ते मला माहीत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. पण ऑपरेशनआधी तीन महिने तिची मांडी बळकट करायची संधी माझ्या हातात होती, ती मी दिली नाही. रोज दहा लोकांकडून करून घेते ते व्यायाम मी माझ्याच आईकडून आधी करून घेतले नाहीत. ती मला याबद्दल एका शब्दानेही बोलली नाही. २०१३ चा फिनलंडचा अभ्यास मी वाचला तेव्हा रात्री उशिरापर्यंत जागी होते.

म्हणूनच अस्थिरोगतज्ज्ञांवर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहिते. ठाणे-वाशीत असे सर्जन आहेत जे तीन महिने व्यायाम केल्याशिवाय अशा रुग्णाला थिएटरमध्ये घेत नाहीत. त्यांच्याकडूनच माझ्याकडे निम्मे रुग्ण येतात. आणि काही गुडघ्यांना ऑपरेशन लागतंच, तिथे उशीर करणं चूक. गुडघा अडकून बसला आणि काही केल्या सरळच होत नाही, तर गादीचा मोठा तुकडा उलटून मध्ये आलेला असू शकतो. त्याला लगेच सर्जनकडे न्या. जिना उतरताना किंवा खाली बसताना गुडघ्याच्या मागे 'कट्' असा आवाज होऊन एकदम जीवघेणी कळ आली, तर गादीचं मूळ हाडापासून सुटलेलं असू शकतं. ते विरण्यापेक्षा वेगळं, आणि त्यात शिवण्याचा विचार वेळेत करावा लागतो. गुडघा लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. तुमच्या नातवाचा गुडघा कबड्डीत किंवा फुटबॉल खेळताना पिरगळला असेल, तर हे पत्र त्याच्यासाठी नाही. तरुण गादीची ताजी चीर शिवून वाचवता येते आणि ती वाचवावीच. कट्कट् वाजणं, अधूनमधून लचकल्यासारखं होणं, उकिडवं बसल्यावर उठताना कळ येणं, हे मात्र या यादीत बसत नाही.

हे सगळं मी डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला का लिहिते आहे? कारण शिबिराला हॉल तुम्ही देता. फळ्यावर सूचना तुमची असते, खाली सही तुमची. कोपरखैरण्याचे एक निवृत्त माथाडी काका मला म्हणाले, "संघाने बोलावलं म्हणून गेलो, एरवी कशाला गेलो असतो?" तीस वर्षं तुर्भ्याच्या बाजारात त्यांनी पाठीवर पोती वाहिली. अशा गुडघ्याच्या एमआरआयमध्ये काही सापडलं नाही तरच नवल. त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे, कूपनवर छापलेल्या नावावर नाही.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. तुमच्या हॉलमध्ये एमआरआयची कूपनं वाटू देऊ नका. हात लावून, गुडघा वाकवून, चालायला लावून तपासल्याशिवाय एमआरआयची गरज ठरत नाही, आणि शिबिरात एका माणसाला चार मिनिटं मिळतात. शिबिर घ्यायचंच असेल तर येणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा: ज्यांना ऑपरेशन सांगाल त्यांना आधी तीन महिने व्यायाम सांगणार का? ज्यांना 'गादी फाटली' म्हणून तारीख मिळाली आहे, त्या सभासदांना सांगा की डॉक्टरांना न घाबरता विचारा, "माझा गुडघा अडकलेला आहे का? ही चीर इजेची आहे की वयाची? तीन महिने थांबलो तर नेमकं काय बिघडेल?" चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. मेडिक्लेम मंजूर झाला हे ऑपरेशनची गरज असल्याचं प्रमाणपत्र नाही, एवढं तरी प्रत्येक सभासदाच्या कानावर घाला. "पॉलिसी आहे ना, मग करून घेऊ," हे वाक्य मी आठवड्यातून एकदा ऐकते.

आणि तोच हॉल बारा आठवडे व्यायामाला द्या. फार काही लागत नाही. हात नसलेल्या पंधरा खुर्च्या, एक मोकळी भिंत, चार इंची उंचीचे दोन-तीन लाकडी पाट. पहिल्या आठवड्यात गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दहा आकडे मोजेपर्यंत दाबायचा आणि पाय सरळ ठेवून उचलायचा. मग खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, सावकाश, बसताना धपकन न बसता. मग पाटावर चढणं-उतरणं, आणि शेवटी हॉलचा जिना. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं नाही तर मोजणी कमी करायची. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निम्मे लोक कंटाळतात किंवा घाबरतात, नेमकं तेव्हाच शेजारी कुणीतरी करणारं लागतं. घरी एकट्याने हे होत नाही, संघात होतं. तुमच्याकडे लाफ्टर क्लब चालतो, भजनी मंडळ चालतं, त्यात हेही चालेल.

त्या बँकेतल्या काकूंनी गुरुवारची तारीख पुढे ढकलली. त्यांच्या सर्जननी हरकत घेतली नाही, "तीन महिन्यांनी दाखवा," म्हणाले. आज त्यांचा सातवा आठवडा आहे. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. दहापैकी सातावरून तीन-चारावर आलंय, असं त्या सांगतात. मांडीतला फरक एक सेंटिमीटरवर आला. परवापासून त्या तलावपाळीला अर्धी फेरी मारतात, गडकरी रंगायतनच्या बाजूच्या बाकावर बसतात आणि मैत्रिणी उरलेली अर्धी फेरी संपवून येईपर्यंत थांबतात. तीन महिन्यांनी त्यांना ऑपरेशन लागलंच, तर मी स्वतः त्यांच्याबरोबर जाईन.

ज्या संघाला हॉल देता येईल त्यांनी कळवावं. ठाण्यात मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ७ ते ८ येऊ शकते, नेरूळ-वाशीला शनिवारी. मोबदला नको. पहिल्या दिवशी प्रत्येकाने सैल कपडे घालून यावं, सोबत एक टॉवेल आणावा आणि एमआरआयची पिशवी घरी ठेवावी. मी आधी गुडघा बघेन, पिशवी लागली तर नंतर मागेन.

आपली नम्र,
नौपाड्यातील एक फिजिओथेरपिस्ट